केसरबाईच्या गळ्यातलं पान

गुणवंतराव निमगडे यांना एखादी गोष्ट माहीत नाही, असं म्हणायची त्यांच्या वॉर्डात कुणाची छाती नव्हती. म्हटलंच कुणी, तर गुणवंतराव ते ऐकून घेत नसत. चंद्रपूरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. पण विहाराचं सचिवपद, वाचनालयाची किल्ली आणि जयंतीचा माइक ह्या तिन्ही वस्तू अजून त्यांच्याच हातात होत्या. माइक तर सुटतच नसे. लोक चेष्टेनं म्हणत की लाइट गेली तरच निमगडेसाहेब बसतील, आणि त्यांच्या खात्याचे लोक नेमकी तेव्हाच लाइट जाऊ देत नाहीत.

असा हा सर्वज्ञ माणूस अंगठ्याएवढ्या एका दगडापुढे अडून बसला होता.

दगड त्यांच्या आईचा. केसरबाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. पिकल्या वयाच्या होत्या, झोपेतच गेल्या. उभ्या जन्मात त्यांच्या अंगाला सोनं लागलं नाही, पण काळ्या दोऱ्यात ओवलेला हा दगड गळ्यातून कधी उतरला नाही. काळपट हिरवा, हाताला साबणासारखा गुळगुळीत. वर रुंद, खाली जरासा निमुळता, वरच्या कडेला भोक आणि एका अंगाला बारीक कोरलेल्या रेघा. घरात त्याला ‘पान’ म्हणत. पिंपळाचं पान, म्हणजे बोधिवृक्षाचंच. पानाला टोक नव्हतं. ते झिजलं असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. शिरा मधल्या देठापासून फुटायच्या सोडून सरळ खाली उतरत होत्या, हे तर कुणी पाहिलंच नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू माणूस पाहत नाही, तिचं नुसतं नाव घेतो.

पान आणलं होतं गुणवंतरावांच्या वडिलांनी, खुशाल गुरुजींनी. हा माणूस मोठा होता, यात शंका नाही. छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, दीक्षा घेऊन घरी आला तो थेट देवघरापाशी गेला आणि घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडून आला. म्हातारी आई दारात ऊर बडवत होती, तरी मागं वळला नाही. पुढे मास्तर झाला. भामरागडच्या जंगलात बदली म्हटली की भलेभले रजा टाकत, तेव्हा हा आपण होऊन अर्ज करून गेला. दोनेक वर्षांनी भर पावसाळ्यात परत आला तो तापानं अर्धा होऊन, आणि गळ्यात हा दगड. बरा झाल्यावर त्यानं तो बायकोच्या गळ्यात घातला. कुणी विचारलं, तर “तिकडलं हाय” एवढंच म्हणायचा आणि काहीतरी काम काढून उठून जायचा.

बाकीची गोष्ट गुणवंतरावांची. तिथल्या माडिया आदिवासी बांधवांनी आपल्या लाडक्या गुरुजींना निरोप देताना प्रेमानं ही भेट दिली, म्हाताऱ्या पाटलाच्या डोळ्यांत पाणी आलं, गुरुजींनी ती कपाळाला लावली. दर जयंतीला थोडं थोडं जमत गेलं. गुणवंतराव खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. आपणच बोललेलं वर्षानुवर्षं ऐकलं की ते आठवणीसारखं वाटायला लागतं, एवढंच.

आता चंद्रपुरात, जटपुरा गेटच्या आत, एका संस्थेचं छोटंसं संग्रहालय उघडणार होतं. जंगलात जाऊन शिकवणाऱ्या जुन्या मास्तरांसाठी त्यात एक दालन होतं. खुशाल गुरुजींची तसबीर, आणि खाली काचेच्या पेटीत ते पान. पत्रिका छापून झाल्या होत्या. भाषण अर्थातच गुणवंतरावांचं. वस्तूंखालच्या पाट्या लिहायचं काम रंजीता नावाच्या मुलीकडे होतं. मुलगी भामरागडकडलीच, माडिया. चंद्रपुरात शिकून तिथेच लागलेली.

“काका, कोणत्या गावचं हाय हे?” तिनं विचारलं. “अन् दिलं कोणं?”

“लिही ना, माडिया बांधवांकडून सप्रेम भेट.”

“बांधवाचं नाव काय होतं?”

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपल्याच गोष्टीतल्या माणसाचं नाव सांगता येईना.

मग त्यांनी दगडाचा माग काढायचा चंग बांधला. सराफानं भिंगातून पाहून सांगितलं की ही मासोळी असावी, शेपूट तुटलेली. कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी नखानं ओरखडा काढून पाहिला. मऊ दगड आहे, साध्या सुरीनं कोरलेला, फार जुना नाही, म्हणाले. पान असेल तर टोक हवं, आणि याची खालची कड तर मुद्दाम सपाट ठेवली आहे. त्यापुढे मला माहीत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. गुणवंतरावांना माणूस आवडला नाही.

शेवटी रंजीतानं दगडाचा फोटो काढला आणि गावी आपल्या आजोबांना पाठवला. आजोबांचं नाव लालसू. आश्रमशाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. तासाभरानं तिनं फोन केला, तर “उद्या सांगतो” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. म्हणाले, “दगड घेऊन ये. अन् निमगडे गुरुजीच्या पोरालेबी घेऊन ये.”

गुणवंतरावांना वाटलं, सत्कार आहे.

त्यांनी नवीन शाल घेतली. वडिलांच्या तसबिरीची एक मोठी प्रत काचेच्या चौकटीत बसवून घेतली, लालसूंच्या गावातल्या शाळेला भेट द्यायला. नात खुशबू एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तिनं रजा काढली आणि गाडी तीच चालवायला बसली. रंजीता मागे. बल्लारपूर गेलं, आष्टी गेली, आलापल्लीला चहा झाला आणि रस्ता जंगलात शिरला. गुणवंतराव बोलतच होते. निरोपाचा प्रसंग सांगताना त्यांनी पाटलाच्या डोळ्यांत पाणी आणलं तेव्हा रंजीता खिडकीबाहेर पाहत होती.

गावाचं नाव इरपगुडा. भामरागडच्या अलीकडे रस्ता सोडून आत जायचं, मग नदी. आता तिच्यावर पूल झाला आहे, तरी पावसाळ्यात तो पाण्याखालीच असतो. लालसूंचं घर गावाच्या कडेला. अंगण शेणानं लख्ख सारवलेलं. म्हातारा उंच, ताठ, पांढरा शर्ट आणि लुंगी, फक्त गुडघे कामातून गेलेले. काठी टेकत पुढे आला.

“जय भीम, भाऊ.”

“जय सेवा, जय सेवा!” तिकडच्याच नमस्कारानं उत्तर देत गुणवंतराव खुशीत आले. “लालसूभाऊ, तुमी माह्या वडलाचे विद्यार्थी ना? रंजीतानं सांगतलं मले. आज माहे वडील असते तं…”

“चहा घ्या पयले.”

चहा झाला. गुणवंतरावांनी शाल काढली. लालसूंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“ते राहू द्या, भाऊ. वस्तू काढा.”

गुणवंतरावांनी डबीतून दगड काढून पुढे केला. लालसूंनी तो हातात घेतला नाही. समोरच्या बाजेवर ठेवायला सांगितला आणि वाकून पाहत राहिले. मास्तरकीत मुरलेल्या माणसाची सवय, त्यांनी प्रश्न विचारला.

“काय दिसते हे तुमाले?”

“पान हाय. बोधिवृक्षाचं.”

लालसू उठले, घरात गेले आणि एक जुनी लाकडी फणी घेऊन आले. तळहाताएवढी, वर रुंद पट्टी, तीवर कोरीव नक्षी, खाली दाते. ती त्यांनी दगडाशेजारी ठेवली. ठेवल्याबरोबर दोन्ही गोष्टी एकच झाल्या. एक मोठी, एक लहान. एकीचे दाते सुटे, दुसरीचे दगडातच कोरलेले.

“आबा,” खुशबू हळूच म्हणाली, “फणी हाय ही.”

“आमच्या इथी पोरगा पोरीले फणी कोरून देते,” लालसू म्हणाले. “आवडली म्हणून. पोरी केसात खोवतात, मिरवतात. ज्या पोरीच्या डोक्यात जास्त फण्या, तिचा तोरा जास्त. वंजे नावाची एक पोरगी होती. तिले कोणी फणी देईल अशा वयातच नाई आली. ताप आला अन् गेली. तिच्या बापाले वाटलं, पोरगी फणीबिगर गेली. लाकडाची देऊ तं वाळवी खाईन. म्हणून नाल्यातून मऊ दगड आणला अन् त्याची कोरली. पावसाळाभर कोरत होता. माणूस गेलं की आम्ही त्याच्या नावाचा दगड उभा करतो, भाऊ, त्याच्या वस्तू तिथी ठेवतो. त्या त्याच्याच असतात. तिच्या दगडाले बांधली होती ही.”

गुणवंतरावांना अजून कळलं नव्हतं. किंवा कळत होतं आणि ते पाय रोवून उभे होते.

“मग ते आमच्या वडलाले कोणं दिली?”

“कोणंच नाई दिली.”

लालसूंनी जे सांगितलं ते असं. शाळा गावाबाहेर होती आणि वाटेवर हे मेलेल्यांचे दगड. पोरं ती वाट टाळत, लांबून वळसा घालून येत, उशीर होई. कितीतरी येतच नसत. खुशाल गुरुजींना ते सहन होईना. ते पोरांना सांगत, मेलेलं माणूस परत येत नाही, दगड हा दगडच असतो. पोरं मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वळसा घालून येत. मग एका सकाळी गुरुजी अख्खी शाळा घेऊन दगडांपाशी गेले. वंजेच्या दगडाची फणी सोडली आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या गळ्यात बांधली. म्हणाले, पाहा, काय होते मले? आता रोज घालून येतो शाळेत.

“ते हसले,” लालसू म्हणाले. “मास्तर हसला की पोरंबी हसतात. आम्ही सारे हसलो.”

गुणवंतरावांना तो प्रसंग डोळ्यांसमोर दिसला. नको असताना दिसला, कारण तो त्यांच्या ओळखीचा होता. वॉर्डातल्या चौकात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू पडलं की गुणवंतराव ते उचलत, लोकांसमोर चिरत, सरबत करून पीत. लोक टाळ्या वाजवत. बापाकडूनच शिकले होते ते. त्यात काही चूक आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि आजही वाटत नव्हतं. पण चौकातलं लिंबू कुणीतरी भीतीनं टाकलेलं असतं. ही फणी कुणी भीतीनं बांधली नव्हती. एका बापानं पोरीचे केस आठवत आठवत ती कोरली होती. माझ्या बापाला हा फरक दिसला नसेल? इतका शहाणा माणूस, त्याला दिसला नसेल? ते आतून हलले आणि हलले म्हणूनच चिडले.

“म्हणजे माह्या बापानं चोरी केली म्हणता तुमी?”

“चोर असते तं मी विसरलो असतो त्याईले,” लालसू शांतपणे म्हणाले. “मले वाचाले त्याईनंच शिकवलं. माह्या हाताले धरून पाटीवर माहं नाव काढलं. म्हणून तं विसरता नाई आलं.”

“पण मग परत काऊन नाई दिली?”

“देणार होते. वंजेची माय शाळेत आली. भांडली नाई. दारात येऊन बसली. गुरुजी बाहेर आले, तिच्यासमोर खाली बसले अन् शबूद दिला, का पोराईच्या मनातली भीती गेली का मी सोताच्या हातानं नेऊन बांधतो. मग त्याईले ताप भरला. मलेरिया होता, ते आता मले समजते. तवा साऱ्या पोराईले वाटलं, वंजेनं धरलं गुरुजीले. दुसऱ्या दिवशीपासून शाळेत कोणीच नाई आलं. लय वर्षं नाई आलं. मी पुढं दूरच्या आश्रमशाळेत शिकलो. गुरुजी वापस नाई आले. माय म्हणायची, तो माणूस येईन, त्यानं मले खाली बसून सांगतलं हाय.”

“कोणाची माय?” खुशबूनं विचारलं.

“माही. वंजे माही बहीण होती, बाई.”

रंजीता खाली मान घालून बसली होती. तिला हे आजोबांच्या त्या फोनपासूनच माहीत होतं. येतानाचा सगळा निरोपसमारंभ तिनं मागच्या सीटवर बसून मुकाट ऐकून घेतला होता, हे आठवून गुणवंतरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“मी कोणाले सांगणार नाई,” लालसू म्हणाले. “पोरगीबी नाई सांगणार. तिथी काय बोलाचं ते तुमचं तुमी पाहा. बापाचं नाव हाय. मले फक्त हे इथी पाहिजे.”

खरं तर यापेक्षा सोपं काय हवं होतं? दगड ठेवायचा, हात जोडायचे, निघायचं. आईचं पान हरवलं म्हणून सांगायचं, लोक हळहळले असते. तसबीर तशीच राहिली असती, भाषणही राहिलं असतं. पण गुणवंतरावांच्या डोक्यात त्या वेळी वेगळंच चाललं होतं. ज्या माणसानं आपल्याला माणूस केलं, त्याला ह्या अंगणात कुणीतरी असं उघडं करावं आणि आपण चहा पिऊन ऐकून घ्यावं, हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी दगड उचलला, डबीत टाकला आणि उठले.

“चाल, खुशबू.”

ते गाडीत जाऊन बसले. खुशबू मागोमाग आली, चालकाच्या जागी बसली, पण तिनं चावी फिरवली नाही.

“चाल म्हणलं ना.”

“आबा, हे तुमी पेटीत ठेवसान?”

“माह्या आईचं हाय ते! माह्या आईनं जन्मभर घातलं. तिनं काय कोणाचं वाईट केलं होतं?”

“मोठ्या आईनं काईच नाई केलं. तिले माहीतच नोतं.” खुशबू समोरच्या काचेतून पाहत होती. “आपल्याले आता माहीत हाय. कार्यक्रमात मी समोरच बसली असीन, आबा. तुमी ‘भेट’ म्हणसान तवा मी कुठी पाहू?”

आयुष्यभर गुणवंतरावांनी श्रोत्यांची पर्वा केली होती. किती आले, किती थांबले, कुणी टाळी वाजवली. आज समोर एकच श्रोता होता आणि त्याला फसवणं जमण्यासारखं नव्हतं. मागच्या सीटवर बापाची तसबीर कागदात गुंडाळलेली पडली होती. त्यांना बापाचा राग आला, मग दया आली, मग पुन्हा राग. तिकडलं हाय एवढंच म्हणून उठून जाणारा तो माणूस त्यांना आज पहिल्यांदा समजला. त्याला सगळं माहीत होतं. जन्मभर बायकोच्या गळ्यात ते रोज पाहत होता आणि परत यायचं धाडस त्याला झालं नाही. देव नदीत सोडताना जो मागं वळला नाही, त्याला एका बाईच्या दारात जाऊन उभं राहणं जमलं नाही.

ते गाडीतून उतरले.

दगड गावापासून जवळच होते, शेताच्या कडेला, मोहाच्या झाडांखाली. काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे. कुठे पालथी थाळी, कुठे विटून गेलेला कपडा. वंजेचा दगड लहान होता आणि एका बाजूला कललेला. त्याच्या दोन्ही अंगांना दोन उंच दगड. “ही माय, हा बाप,” लालसू म्हणाले. चालून त्यांना धाप लागली होती. रंजीतानं त्यांना एका खोडाशी बसवलं.

गुणवंतरावांनी डबी त्यांच्यापुढे धरली. लालसूंनी मान हलवली.

“मी नाई. शबूद तुमच्या घरचा हाय. तुमीच बांधा. अन् तिले सांगा.”

“काय सांगू?”

“जे झालं ते.”

“लालसूभाऊ, मी मानत नाई हे. मेलेलं माणूस ऐकत नाई. मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या हायेत.”

“मानू नोका ना. मी कुठी म्हणतो मानाचं? तुमी फक्त सांगा. आयकते का नाई आयकत, ते तिचं ते पाहीन.”

गुणवंतराव खाली बसले. काळा दोरा दगडाभोवती पुरेना, म्हणून खुशबूनं आपल्या ओढणीची कड फाडून त्याला जोडली. त्यांनी गाठ मारली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग ते बोलायला गेले आणि माइकवर तासन्‌तास न अडखळणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांना लाज वाटत होती. दगडाशी बोलायची नव्हे, दगडापुढे आपल्याला बोलवत नाही याची.

“पोरी,” शेवटी ते म्हणाले. “ही तुही फणी हाय. माह्या बापानं नेली होती. तुह्या बापानं केली होती ते माह्या बापानं नेली. तुह्या मायले तो आणून देतो म्हणला, अन् नाई आला. आमी तिले पान म्हणत होतो. आमाले माहीत नोतं. चुकलं आमचं. त्याचंबी चुकलं.”

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांना जाणवलं की बापाबद्दल असं वाक्य आपण आयुष्यात प्रथमच बोललो. आभाळ कोसळलं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. झालं, देऊन मोकळे झालो, असंही वाटलं. माणसाला मोकळं व्हायची भारी घाई असते.

त्या मोकळेपणातच, परत निघताना, त्यांनी सहज विचारलं. “पण लालसूभाऊ, गुरुजी तापात होते, गळ्यातच होती ना फणी? तवाच काढून घेतली असती कोणी. इतके वर्षं वाट पाहाची गरजच नोती.”

लालसू काठीवर भार देऊन थांबले.

“गुरुजीची शुद्ध गेली होती. नदीले पूर होता. गावात दवा नाई, डॉक्टर नाई. चौघाईनं त्याईले बाजेवर घातलं अन् खांद्यावर घेतलं. चिखलातून, पाण्यातून. नदीत डोंग्यावर बाज ठेवून पार केली, मग पुन्हा खांद्यावर, गाडीरस्ता लागेपावतर. त्या चौघात माहा बाप होता. उशाकडच्या दांडीले.”

गुणवंतरावांनी वळून वंजेशेजारच्या उंच दगडाकडे पाहिलं.

“वाटभर फणी त्याच्या डोळ्यासमोर होती. गुरुजीचं डोकं डोले, तशी तेबी डोले. वापस आला तवा मायनं त्याले विचारलं, तुह्या पोरीची वस्तू तुह्या हातापाशी होती, काऊन नाई काढली? तं तो म्हणाला, माणूस शुद्धीत नोता. त्याले न विचारता त्याच्या गळ्यातलं कसं काढू?”

म्हातारा पुढे चालू लागला. रंजीता त्याच्या हाताला धरून चालली होती. गुणवंतराव मात्र तिथेच राहिले, मग वाटेच्या कडेला मटकन खाली बसले. खुशबू धावत आली. तिनं आपल्या आजोबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, मोठी आई गेली तेव्हाही नाही. ते रडत होते, आणि तोंड लपवायचंही त्यांना सुचलं नव्हतं. आपण शिकलो, ही नात शिकली, घर आहे, वाचनालय आहे, सगळं ज्या खांद्यावरून नदीपार आलं, त्या माणसाचं नावही माहीत नसताना आपण जन्मभर दर वर्षी ह्या वस्तूची गोष्ट सांगितली आणि ती सगळीच्या सगळी खोटी सांगितली.

“लालसूभाऊ,” त्यांनी हाक मारली. “थांबा जरा. तुमच्या वडलाचं नाव काय होतं?”

लालसू वळून उभे राहिले.

“इसरू.”

“इसरू,” गुणवंतराव म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग रंजीताला म्हणाले, “हे नाव लिहून घे, पोरी. कार्यक्रमात मले हेच सांगाचं हाय.” आणि खुशबूच्या खांद्यावर हात ठेवून ते उठायचा प्रयत्न करू लागले.